हिग्वेची तळी

स्पेनचा राजा फर्डिनांड व राणी इसाबेला यांनी इ. स. १५०३ च्या मार्च महिन्यात एस्पान्योला बेटाचा गव्हर्नर निकोलास दे ओवान्दो यास काही सूचना लिहून पाठविल्या. बेटावरील मूळ रहिवाशांस एकत्र आणून गावे वसवावी, गावोगावी चर्च बांधावे, त्यालगत मुलांस शिकविण्यासाठी एक घर असावे, लोकांस वस्त्रे नेसावयास लावावे, अशा त्या सूचना आहेत. त्यांतच एक कलम असे आहे की, हे लोक हल्ली जितक्या वेळा स्नान करतात व अंगास रंग लावतात, तितक्या वेळा त्यांनी ते करू नये. कारण त्यापासून त्यांच्या प्रकृतीस मोठा अपाय होतो असे दरबारच्या कानी आले आहे. सकाळचे स्नान झाल्यावाचून चुलीजवळ कोणी फिरकावयाचे नाही, असा ज्यांच्या आजीचा कटाक्ष होता, त्या आमच्या वाचकांस हे कलम वाचून हसू आल्यास नवल नाही. परंतु त्याचा मागचापुढचा संदर्भ पाहिला म्हणजे ते हसू फार वेळ टिकत नाही.

मागचा संदर्भ ग्रानाडाचा. कोलंबस ज्या साली पश्चिमेकडे निघाला त्याच १४९२ सालच्या आरंभी ग्रानाडाचे मुसलमानी राज्य इसाबेलेच्या हाती आले. त्या राज्यात हमामखाने होते, आणि वारंवार स्नान करणे हे जित लोकांचे, म्हणजे पर्यायाने परधर्माचे लक्षण होऊन बसले. हा संशय पुढे इतका बळावला की, १५६७ सालापासून दुसऱ्या फिलिपने बाटविलेल्या मुसलमानांस अरबी बोलण्यास, आपला जुना पोशाख घालण्यास व हमामात जाण्यास मनाई केली. त्यातून आल्पुहारासच्या डोंगरांतले बंड उद्‌भवले, हे प्रसिद्धच आहे. तेव्हा १५०३ चे कलम म्हणजे एखाद्या राणीची लहर नव्हे. पाण्यात उतरणारा मनुष्य पाहिला की ज्यांच्या मनात शंका येते, अशा लोकांचे राज्य समुद्र ओलांडून एका अशा बेटावर गेले होते, की जेथे माणसे पाण्यातच वाढत होती.

ते बेट आज दोन देशांत वाटले गेले आहे. पश्चिमेकडील तृतीयांश हैतीचा, आणि पूर्वेकडील मोठा भाग डोमिनिकन प्रजासत्ताकाचा. त्याच्या अगदी पूर्वेच्या टोकास पुंता काना नावाचे ठिकाण आहे. दरसाल लक्षावधी युरोपियन व अमेरिकन प्रवासी तेथे समुद्रस्नानासाठी विमानाने उतरतात. ह्या हॉटेलांच्या वसाहतीला लागूनच सुमारे १५०० एकरांचे एक राखीव अरण्य आहे. त्यास स्पॅनिश भाषेत 'ओहोस इंदिहेनास', म्हणजे 'मूळ रहिवाशांचे डोळे', असे म्हणतात. अरण्यात गोड्या पाण्याची बारा तळी असून त्यांपैकी काहींत पोहण्याची मुभा आहे. वसाहतीत उतरलेल्यांस प्रवेश मोकळा, इतरांनी तिकीट काढावयाचे.

तळ्यांकडे जाणारी पायवाट सपाट असली तरी भोवतालचा खडक पाहण्यासारखा आहे. तो सारा प्रवाळांपासून झालेला चुनखडीचा, सच्छिद्र आणि धारदार. त्यावर मातीचा थर इतका पातळ की झाडांची मुळे खडकास कवटाळून उभी आहेत. अंजिराच्या जातीची, जाड पानांची, वेलींनी वेढलेली झाडे दोहोंकडून वाकून आलेली. त्यांच्या सावलीतून एकाएकी फांद्या बाजूस व्हाव्या आणि समोर पाणी दिसावे, असा प्रकार. पाणी निळसर हिरवे व इतके नितळ की तळाशी पडलेली पाने मोजावी. काठावर लाकडी धक्का बांधलेला आहे. आम्ही पाहिले तेव्हा एक कासव बुडालेल्या ओंडक्यावर स्वस्थ बसले होते, आणि त्याच्यापासून चार हातांवर शाळकरी वयाची मुले एकामागून एक उड्या टाकीत होती. बाहेरील उन्हाच्या मानाने पाणी चांगलेच गार होते. कोकणात आजोळ असणारास अशा डोहाचे फार वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

'डोळे' हे नाव तळ्यांच्या आकारावरून पडले, असे तेथे सांगतात. असेल, पण आम्हांस त्यात भाषेचाही हात दिसतो. स्पॅनिश भाषेत झऱ्यास 'पाण्याचा डोळा' असेच म्हणतात. अरबीत 'ऐन' ह्या एकाच शब्दाचे डोळा व झरा असे दोन्ही अर्थ आहेत. फारसीत 'चश्म' म्हणजे डोळा आणि 'चश्मा' म्हणजे झरा. नाकावर बसणारा आमचा चष्मा त्याच कुळातला. जमिनीतून वर येऊन आभाळाकडे पाहणारे पाणी पाहून निरनिराळ्या लोकांस एकच उपमा सुचली असल्यास ती उपमा फार दूरची नाही.

हे पाणी येते कोठून? ह्या भागात नद्या जवळजवळ नाहीत. पडलेला पाऊस चुनखडीतून थेट खाली मुरतो, आणि खाली जमिनीत शिरलेल्या समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर हलकेपणामुळे तरंगत राहतो. खडक जेथे खचला आहे तेथे हा तरंगता थर उघडा पडतो, तेच तळे. शास्त्रज्ञांचा ठोकताळा असा की, समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी जर एक हात असेल तर खाली ते सुमारे चाळीस हात खोल असते. हिशेब उलट बाजूनेही लागू पडतो. विहिरींतून पाणी उपसून वरची पातळी एक हात उतरविली, तर खालून खारे पाणी चाळीस हात वर सरकते. जेथे हजारो खोल्यांची हॉटेले आहेत आणि गोल्फची हिरवी मैदाने आहेत, तेथे हा हिशेब विसरून चालण्यासारखा नाही.

आता ज्यांचे हे 'डोळे', त्या लोकांविषयी. त्यांस आपण ताइनो म्हणतो. ते कसावाच्या कंदांची भाकरी करीत, झोळीत निजत, आणि होड्यांतून बेटाबेटांत ये-जा करीत. त्यांच्या कथा आपणांस ठाऊक आहेत त्या एका साध्या पाद्र्यामुळे. रामोन पाने हा कोलंबसाबरोबर १४९३ च्या दुसऱ्या सफरीत आला, त्या लोकांत राहिला, त्यांची भाषा शिकला आणि त्यांच्या देवदैवतांची हकीकत त्याने १४९८ च्या सुमारास लिहून काढली. तिची मूळ स्पॅनिश प्रत नष्ट झाली. १५७१ साली व्हेनिस येथे छापलेल्या इटालियन भाषांतरावर आपली सारी भिस्त आहे. त्यात समुद्राची उत्पत्ती दिली आहे ती अशी. याया नावाच्या पुरुषाने आपल्या मुलास मारून त्याची हाडे एका भोपळ्यात घालून घरात टांगली. काही काळाने पाहतो तो हाडांचे मासे झालेले. एके दिवशी तो मळ्यावर गेला असता चार जुळे भाऊ ते मासे खावयास आले. यायाची चाहूल लागताच त्यांनी घाईघाईने भोपळा पुन्हा टांगला, तो नीट बसला नाही, खाली पडून फुटला, आणि त्यातून जे पाणी निघाले त्याने सारी पृथ्वी भरली. दुसरी कथा सुतार पक्ष्याची. पुरुष होते, स्त्रिया नव्हत्या. पाऊस पडत असता पुरुष स्नानास गेले, तेव्हा झाडांवरून काही प्राणी घसरत आले. ते ना नर ना नारी. मग सुतार पक्ष्यास आणून बांधले, आणि त्याने लाकूड समजून चोचीने त्यांस स्त्रीरूप दिले. ह्या पक्ष्याचे पाने याने दिलेले नाव 'इन्रिरी'. अरण्यातील ज्या तळ्यांत पोहता येते त्यांतील एकाचे नाव इन्रिरी असेच ठेवलेले आहे. पाण्यात उड्या टाकणाऱ्या मुलांस त्या नावाची कथा कोणी सांगितली होती की नाही, ते आम्ही विचारले नाही.

ताइनोंचे बेटावर पाच मोठे प्रांत होते, पूर्वेचा हिग्वे. सोन्याच्या खाणी पश्चिमेकडे व मध्यभागी असल्यामुळे पहिली दहा वर्षे हिग्वे बरेचसे अस्पर्शित राहिले. १५०२ साली ओवान्दो मोठे आरमार घेऊन आला. त्याच आरमारात बार्तोलोमे दे लास कासास हा तरुण होता. तो पुढे पाद्री झाला, आपल्या वाट्याचे वेठबिगार त्याने १५१४ साली सोडून दिले, आणि जन्मभर ह्या लोकांची बाजू मांडली. हिग्वेची हकीकत आपणांस मुख्यतः त्याच्याकडून मिळते. सावोना नावाच्या लगतच्या बेटावर स्पॅनिश जहाज कसावाच्या भाकरी भरावयास गेले होते. तेथला एक नायक हातात काठी घेऊन आपल्या माणसांकडून माल चढवून घेत असता, दोघा स्पॅनिशांनी गंमत म्हणून आपल्या शिकारी कुत्र्यास चिथावले. कुत्रा साखळीसह सुटला, आणि त्याने नायकाचे पोट फाडले. दाद कोणाकडेच मिळेना. तेव्हा हिग्वेच्या लोकांनी पुढे त्या किनाऱ्यास लागलेल्या आठ स्पॅनिशांस ठार केले. ओवान्दोने हुआन दे एस्किवेल याच्या हाताखाली तीन-चारशे माणसे धाडली.

पहिले युद्ध तहाने संपले, आणि त्या तहातील एक गोष्ट आमच्या मते साऱ्या अमेरिकेच्या इतिहासात विरळा आहे. हिग्वेचा बलाढ्य नायक कोतुबानामा व एस्किवेल यांनी आपली नावे बदलून घेतली. ताइनोंत ही चाल होती. दोघांनी नावांची अदलाबदल केली म्हणजे ते भावाहून जवळचे झाले. तेव्हापासून कोतुबानामास लोक हुआन दे एस्किवेल म्हणू लागले, आणि एस्किवेलास कोतुबानामा. आमच्याकडे दूधभाऊ असतो, गुरुबंधू असतो; पण नावच देऊन टाकणे म्हणजे आपल्यातले काहीच मागे न ठेवणे होय. एस्किवेलाने त्यास काय समजून होकार दिला असेल? बहुधा त्याने हे तहाच्या शिष्टाचारातील एक कलम मानले.

तहात असे ठरले होते की, हिग्वेच्या लोकांनी राजासाठी कसावाचे पीक काढावे, पण ते वाहून नेण्यास त्यांस सांतो दोमिंगोपर्यंत जावे लागू नये. मागे ठेवलेल्या नऊ स्पॅनिश शिपायांनी हा करार पाळला नाही, आणि स्त्रियांवरही जुलूम केला. लोकांनी गढी जाळली. एस्किवेल पुन्हा आला. ह्या दुसऱ्या युद्धातील क्रौर्याचे तपशील लास कासासने दिले आहेत. ते आम्ही येथे उतरवीत नाही. कोतुबानामा बायकामुलांसह सावोना बेटावरील गुहेत लपला. त्याच्या पाळतीवर गेलेल्यांपैकी एका धिप्पाड स्पॅनिशाशी त्याची गाठ पडून झटापट झाली. तलवार उगारली गेली, तेव्हा कोतुबानामाने आपल्या भाषेत ओरडून सांगितले की मला मारू नका, मी हुआन दे एस्किवेल आहे. लास कासासने ते मूळ ताइनो शब्दच टिपून ठेवले आहेत. त्या भाषेतील जी हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी वाक्ये शिल्लक आहेत, त्यांतले हे एक. जीव वाचविण्यासाठी त्या मनुष्याने उच्चारलेले नाव त्याच्या शत्रूचे होते, आणि त्याच्या समजुतीप्रमाणे त्याचे स्वतःचेही होते. त्यास सांतो दोमिंगो येथे नेऊन १५०४ च्या सुमारास फाशी दिले. एस्किवेल पुढे १५०९ साली जमैका बेटाचा पहिला स्पॅनिश अधिकारी झाला.

ह्या मोहिमेत आणखी एक गृहस्थ होता, हुआन पोन्से दे लेओन. त्यास बक्षीस म्हणून हिग्वेत जमीन व माणसे मिळाली. साल्वालेओन दे हिग्वे हे गाव त्याने वसविले आणि भाकरीच्या व्यापारावर तो गबर झाला. त्याचे दगडी घर यूमा नदीच्या बाजूस अद्याप उभे आहे. १५१३ साली त्याने फ्लॉरिडा शोधून काढला, आणि तो तेथे तारुण्याचा झरा हुडकावयास गेला होता ही दंतकथा पुढील लेखकांनी त्याच्या नावाशी जोडली. राजाने त्यास दिलेल्या सनदांत असल्या झऱ्याचा उल्लेख नाही. तरी दंतकथेने माणूस मात्र नेमका निवडला असे वाटते. ज्या प्रांतात पावलोपावली गोड्या पाण्याचे झरे होते आणि त्यांकाठी आयुष्ये सुखाने चालली होती, तेथून तो निघाला होता.

पुढचे थोडक्यात सांगतो. १५०३ अखेर वेठबिगार कायदेशीर झाली. १५०८ सालच्या गणतीत सर्व बेटावर सुमारे ६०,००० ताइनो उरले होते. १५१४ सालच्या वाटणीत सुमारे २६,००० भरले. १५१८ च्या अखेरीस देवीची साथ आली. आरंभी लोकसंख्या किती होती याविषयी विद्वानांत मोठा तंटा आहे. लास कासास तीस लाख म्हणतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, जुन्या अस्थींतील आनुवंशिक द्रव्यावर आधारलेल्या एका संशोधनाने हा आकडा शेजारच्या पोर्तो रिको बेटासह काही दशसहस्रांवर आणला आहे. १५०८ च्या गणतीशी त्याचा मेळ कसा घालावयाचा हे आम्हांस नीटसे उमगत नाही. परंतु काही लेखक आरंभीचा आकडा लहान ठरल्याने अपराधही लहान ठरला अशा थाटात लिहितात, ते आम्हांस मान्य नाही. हिग्वेच्या बाबतीत कुत्रा, गढी आणि फास ह्या गोष्टी कोणत्याही गणतीने बदलत नाहीत.

त्यानंतर सुमारे साडेचारशे वर्षे बेटाचे हे टोक जवळजवळ विस्मृतीत गेले. साखरेचे मळे, आफ्रिकेतून आणलेले गुलाम, राज्यक्रांत्या, सारे इतरत्र घडले. १९६९ साली न्यू यॉर्कचे प्रसिद्ध कामगार-वकील थिओडोर खील व त्यांचे सोबती यांनी येथील जमीन घेतली, आणि फ्रँक राइनिएरी हा विशी ओलांडलेला डोमिनिकन तरुण त्यांस मिळाला. तेव्हा तेथे धड रस्ता नव्हता. जागेस यौया, व खलाशांच्या तोंडी 'दारुड्याचे टोक' अशा अर्थाचे नाव होते. हॉटेलास ते शोभेना, म्हणून त्यांनी तेथील 'काना' ह्या ताडाच्या जातीच्या झाडावरून पुंता काना हे नाव दिले. त्याच झाडाच्या पानांनी शाकारलेल्या छपरांचा विमानतळ पुढे १९८० नंतरच्या दशकात सुरू झाला. ह्या धंद्यातील लोकांनी तळ्यांभोवतीचे अरण्य न तोडता राखले, हे त्यांच्या जमेस धरलेच पाहिजे. ह्या बेटाखेरीज कोठेही नसलेला आणि केवळ ईशान्येकडील लोस हाइतिसेसच्या रानात उरलेला एक लहान ससाणा २००९ सालापासून येथे आणून सोडला जात आहे, आणि तो घरटी करू लागला आहे. रान राखण्यात स्वार्थ नव्हता असे कोणी म्हणणार नाही. पण निःस्वार्थ बुद्धीने आलेल्यांनी ह्या प्रांताचे काय केले ते वर सांगितलेच आहे.

राखलेल्या ह्या जागेत नावांची मात्र चमत्कारिक रेलचेल आहे. तळ्यांस ताइनो नावे आहेत. ससाण्याच्या जातीच्या पक्ष्यांस लोक 'ग्वारागुआओ' म्हणतात, तेही ताइनोच. विसाव्या शतकात ह्या देशाच्या ओळखपत्रांवर कातडीच्या रंगाच्या रकान्यात 'इंडियन' हा शब्द असे. आपल्या अंगातील आफ्रिकन रक्ताचा उच्चार टाळण्याची ती एक रीत होती. वस्तुतः बहुतेकांच्या अंगी आफ्रिकन, युरोपियन आणि थोडा ताइनो असे तिन्ही अंश आहेत, आणि तो ताइनो अंश विशेषेकरून आईकडून आलेला आढळतो. त्याचे कारण ज्याचे त्याने ताडावे. आमच्या घरापर्यंतही ह्या लोकांचे काही शब्द येऊन पोहोचले आहेत. ताइनो ज्यास 'बटाटा' म्हणत ते आपले रताळे. स्पॅनिशांनी तो शब्द उचलला, पोर्तुगीजांनी तो दुसऱ्याच कंदास लावून गोव्यास आणला, आणि आज तो उपवासाच्या ताटात निर्वेधपणे बसतो. तंबाखू शब्दाचे मूळही पुष्कळजण तिकडेच नेतात. कोलंबस हिंदुस्थान शोधावयास निघाला, त्यास भलतेच लोक भेटले, त्यांस त्याने आमचे नाव दिले. आणि त्यांचा एक शब्द नकळत आमच्या स्वयंपाकघरात आला. अदलाबदल ही अशीही होते.

पुंता कानाच्या दक्षिणेस, सावोना बेट धरून, सरकारचे मोठे राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्या रानात 'मानांतिआल दे ला आलेता' नावाचे एक खोल, अरुंद तोंडाचे कुंड आहे. १९९६ सालापासून इंडियाना विद्यापीठाच्या पाणबुड्यांनी त्यात उतरून लाकडी भांडी, भोपळ्याची पात्रे, टोपल्या, अशा वस्तू वर काढल्या. शेकडो वर्षे प्राणवायू नसलेल्या पाण्यात राहिल्यामुळे त्या कुजल्या नव्हत्या. काठावर ताइनोंची नृत्याची व खेळाची अंगणे होती, तेव्हा ह्या वस्तू हातातून निसटून पडलेल्या नसून पाण्यास वाहिलेल्या असाव्या, असा संशोधकांचा तर्क आहे, आणि तो आम्हांस पटतो. ह्या कुंडात प्रवाशांस पोहता येत नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या त्या उद्यानास चाळीसएक वर्षे नुसते 'पूर्वेचे राष्ट्रीय उद्यान' म्हणत. २०१४ साली डोमिनिकन सरकारने त्याचे नाव बदलून कोतुबानामा राष्ट्रीय उद्यान असे ठेवले.